मागून ऐकलेला आवाज

अठरा वर्षं मी त्याच्या मागे बसलोय.
लोकांना भरतेशचा चेहरा माहीत,
मला त्याची मान.
वरचा सूर लागायच्या आधी
उजव्या कानाखाली एक शीर उठते.
ती दिसली की मी क्रॅश मारायचो.
आमचं टायमिंग, टायमिंग म्हणून जे नावाजलं गेलं
ते एवढंच.

पहिला अल्बम उद्यमनगरात,
माझ्या मामाच्या पॅटर्न शॉपमध्ये, सलग चार सोमवार,
वीज जायची त्या दिवशी, भाड्याच्या जनरेटरवर.
लाकडाच्या भुशावर गाद्या, दोन माईक, त्यातला एक उसना.
शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी कास्टिंग घासत होता.
तो ग्राइंडर तिसऱ्या गाण्यात आहे, कान देऊन ऐका,
तो कुठं थांबतो आणि भरतेश कुठं सुरू होतो
मलाही सांगता येत नाही.

दुसरा पुण्यात. एसी, काच, हेडफोन.
रेकॉर्डिस्ट भला माणूस.
त्यानं भरतेशचे सगळे न आणि ण जागेवर बसवले,
पानीचं पाणी केलं,
चौदा टेकमधून एकेक शब्द वेचून
एक ओळ शिवली, टाका दिसत नाही अशी.
बावड्यात काकूंनी ऐकला, भाकरी थापता थापता.
म्हणाल्या, "चांगलं म्हंटलंय की.
कोन हाय ह्यो?"

तिसऱ्याच्या आधी मिरज.
घशात दोन गाठी, मोहरीएवढ्या.
एकवीस दिवस तोंड बंद.
वडिलांच्या गुळाच्या अडतीतल्या पावत्या होत्या,
त्यांच्या पाठीवर लिहायचा:
चहा.
दार लाव.
सगळी गाणी ई वरून डी वर आणू.
एक पावती मी ठेवून घेतली.
पुढच्या बाजूला सदतीस रवे, तोलाई, हमाली,
मागे त्याचं अक्षर:
तू जरा हळू वाजवलास तर
एवढंच. पुढं पेन उठलेलं.

ती पावती पाकिटात सहा वर्षं होती.
मला वाटायचं, एखाद्या गाण्याबद्दल असेल.

परवा रात्री चारही अल्बम ओळीनं लावले
आणि पहिल्यांदाच त्याला सोडून मला ऐकलं.
बापरे.
त्या शेडमध्ये मॉनिटर नव्हता.
त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, माझा येत होता.
मी बावीस वर्षांचा, दंडात नवी ताकद,
पत्र्याच्या छताखाली जोर काढत होतो,
आणि तो माझ्यावरून चढून पलीकडं जायला बघत होता,
गाण्यागणिक,
नरडं फाटेपर्यंत.
त्यालाच लोक अजून म्हणतात,
भरतेशचा खरा आवाज.

चौथा अडतीच्या गोदामात केला, हंगाम संपल्यावर.
केबलीला मुंग्या लागल्या.
मी काठ्यांना जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं,
कारण विचारलं तर म्हणालो, गोदाम घुमतंय.
त्यात तो खाली गातो.
काहिलीत रस आटत आला
की बुडबुडा फुटायला वेळ लावतो, तसा.
दोन शब्दांच्या मध्ये श्वास ऐकू येतो,
न पुन्हा न झालाय.
खप म्हणाल तर नाही.

गेल्या महिन्यात एका कॉलेजात गॅदरिंगला वाजवलं.
पोरं ओरडली, पहिल्यातलं म्हण, पहिल्यातलं!
ह्यातली निम्मी तेव्हा रांगत असतील.
त्यानं सुरू केलं, डी मध्येच.
ती जागा जवळ आली.
मी काठी वर घेतली आणि शिरेकडं बघत राहिलो.
शीर उठली नाही.
तो तोंड मिटून उभा होता, जरासा मान तिरकी करून,
पोरं त्याचा सूर आपापल्या परीनं फाडत होती
आणि माझा हात वरच.

नंतर गाडीत सामान चढवताना
त्यानं विचारलं,
"काठी निसटली का रं?"
म्हटलं, "हं."
"मग ठीकाय," म्हणाला,
आणि बेस ड्रमची जड बाजू
स्वतःकडं घेतली.